गावठी ठरवलेल्या गुरांची हकीकत

लहान शेतकऱ्याने मांसासाठी कोणत्या जातीची गुरे पाळावीत, हा प्रश्न ऐकायला साधा वाटतो. जनावर लवकर वाढावे, वजनाला भरावे, बाजारात चार पैसे जास्त यावेत, एवढाच हिशेब त्यात असेल असे आपण धरून चालतो. पण या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. कोणती जात 'सुधारित' आणि कोणती 'गावठी', हे कोणी ठरवले, कोणाच्या सोयीने ठरवले आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागली, हे पाहू लागलो की गोठ्यातला हा प्रश्न थेट राज्यकर्त्यांच्या दरबारात जाऊन पोचतो.

महाराष्ट्रात गुरे पाळली गेली ती प्रामुख्याने औतासाठी आणि दुधासाठी. खिलार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ या आपल्या जाती घडल्या त्या नांगर, मोट आणि बैलगाडी यांच्या गरजेतून. मांस हे थकलेल्या जनावराचे शेवटचे उत्पन्न होते. गायीच्या कत्तलीला १९७६च्या कायद्याने बंदी होतीच. २०१५ पासून बैल आणि वळू यांनाही ती लागू झाली. तेव्हा मांसासाठी देशी जातीची निवड हा विषय जिथे आजही शेतकऱ्याच्या रोजच्या व्यवहाराचा आहे, अशा मुलखात जाऊनच तो समजून घ्यावा लागेल. असा एक मुलूख म्हणजे दक्षिण आफ्रिका. तो आपल्याला अगदी परका नाही. रत्नागिरी आणि जुन्या कुलाबा जिल्ह्यातले कितीतरी कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला केपटाऊनला जाऊन स्थायिक झाले. त्यांच्या वंशजांचा मोहल्ला, मशिदी आणि जमाती आजही तिथे आहेत. त्याच देशातल्या न्गुनी नावाच्या गुरांची ही हकीकत.

गुरे हीच माणसाची ओळख

न्गुनी हे मुळात माणसांच्या एका भाषाकुलाचे नाव. झुलू, खोसा, स्वाझी, न्देबेले हे लोक या कुलातले. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी उत्तरेकडून सरकत सरकत आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे आले, तेव्हा गुरे त्यांच्याबरोबर होती. ही गुरे आफ्रिकेच्या 'सांगा' गटातली. मानेजवळ लहानसे वशिंड, मध्यम किंवा त्याहून लहान चण. गायीचे वजन साधारण ३०० ते ४०० किलो, वळूचे ५०० ते ७०० किलो. अंगावर पांढऱ्या, काळ्या, तांबड्या, करड्या रंगांचे असे काही मिश्रण असते की दोन जनावरे सहसा सारखी दिसत नाहीत.

या रंगांना झुलू भाषेत स्वतंत्र नावे आहेत आणि ती कविमनाच्या गुराख्यांनी ठेवलेली आहेत. फिकट अंगावर बारीक तांबूस ठिपके असतील तर ती 'चंडोलाची अंडी'. पांढऱ्या अंगावर काळे कण असतील तर 'ताकातल्या माश्या'. आपल्याकडे देवणीच्या रंगावरून वानेरा, शेवेरा, बालंक्या असे प्रकार सांगतात, त्यातलाच हा प्रकार, पण कितीतरी विस्ताराने फुललेला. झुलू राजघराण्याचे खास कळप एकरंगी पांढरे असत. कान आणि नाकपुड्या तेवढ्या काळ्या. रंगावरून कळप निवडण्याचे हे काम पिढ्यान् पिढ्या चालले होते, म्हणजेच जात जोपासण्याचे शास्त्र त्या लोकांकडे होते. ते वहीत लिहिलेले नव्हते, इतकेच.

गुरे म्हणजे तिथली बँक, हुंडी आणि नातीगोती. लग्नात वराकडून वधूच्या घरी गुरे दिली जातात, तिला लोबोला म्हणतात. आपल्या मेहरशी याची गल्लत करू नये. मेहर हा वधूचा स्वतःचा हक्क असतो, लोबोला तिच्या घराकडे जातो. पण दोन घराण्यांमधला करार साक्षीने आणि मोलाने पक्का करायचा, ही भावना दोन्हीकडे आहे. पूर्वजांच्या नावाने जनावर कापणे, मयताच्या आणि लग्नाच्या जेवणाला मांस असणे, मुलांना विरजलेले दूध मिळणे, हे सगळे त्याच कळपातून होई. अशा समाजात गुरे गेली की माणसाची पतही जाते. पुढची शंभर वर्षे नेमके तेच घडले.

रोगराईचे अर्धशतक

१८५३ साली नेदरलँड्समधून आणलेल्या काही बैलांबरोबर मोसेल बे बंदरात गुरांचा फुफ्फुसाचा रोग उतरला. दोन-तीन वर्षांत तो खोसा मुलखात पोचला आणि कळपच्या कळप खोकून खोकून मरू लागले. इंग्रजांबरोबरच्या लढायांत खोसांची जमीन आधीच गेली होती, आता गुरेही जाऊ लागली. अशा हताश काळात १८५६ मध्ये नोंगकाउसे नावाच्या एका कोवळ्या वयाच्या मुलीने भविष्य सांगितले. उरलेली गुरे मारा, धान्य टाकून द्या, पूर्वज उठून येतील आणि निरोगी कळप बरोबर आणतील, असे ते भविष्य होते. खोसांचा राजा सारहिली याने त्यावर विश्वास ठेवला. सुमारे ४ लाख गुरे मारली गेली. पूर्वज आले नाहीत, दुष्काळ आला. सुमारे ४० हजार माणसे उपासमारीने मेली. ब्रिटिश काफ्रारिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागाची लोकसंख्या १ लाख ५ हजारांवरून २७ हजारांच्याही खाली गेली. जगली वाचलेली हजारो माणसे गोऱ्यांच्या शेतांवर मजुरीला गेली, आणि गव्हर्नर सर जॉर्ज ग्रे यांच्या सरकारने मोकळ्या झालेल्या जमिनीवर युरोपियन वसाहती बसवल्या.

खोसांच्या या कृतीकडे अंधश्रद्धेचा नमुना म्हणून बोट दाखवणे सोपे आहे. पण रोग परदेशी बैलांबरोबर आला होता आणि जमीन बंदुकीने गेली होती, हे विसरून ती घटना समजत नाही.

१८७९ साली उलुंडीच्या लढाईत झुलूंचा पराभव झाला. राजा सेत्शवायो कैद झाला आणि राजाचे कळप विजेत्यांच्या हाती जाऊन पांगले. त्यानंतर १८९६ मध्ये बुळकांडी आली. ही साथ १८८०च्या दशकाच्या अखेरीस इटालियन फौजेसाठी आणलेल्या जनावरांबरोबर इरिट्रियाच्या किनाऱ्यावर उतरली आणि खंड ओलांडत दक्षिणेला आली, असे बहुतेक इतिहासकार मानतात. दक्षिण आफ्रिकेतल्या अनेक भागांत दहातली आठ-नऊ जनावरे मेली. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख डिसेंबर १८९६ मध्ये किंबर्लीला आले आणि आजारी जनावराच्या पित्तापासून लस करण्याची पद्धत त्यांनी मांडली. पण ती सर्वदूर पोचेपर्यंत गोठे रिकामे झाले होते. औत ओढायला बैल नाही, लोबोल्याला गाय नाही, घरात दूध नाही. शेतकरी खाणीत मजूर म्हणून भरती होऊ लागला.

बोअर युद्धानंतर गुरांची ही तूट भरून काढायला पूर्व आफ्रिकेतून जनावरे आणली गेली. त्यांच्याबरोबर गोचिडातून पसरणारा 'ईस्ट कोस्ट फीव्हर' आला. सरकारने गावोगावी औषधी पाण्याचे हौद बांधले आणि गुरे त्यातून पोहत नेण्याची सक्ती केली. या सगळ्या संकटांतून जी न्गुनी गुरे वाचली, ती निवडून निघालेली गुरे होती. उपासमार, गोचीड आणि ताप यांनीच त्यांची चाळणी केली होती.

'भिकार वळू' आणि सरकारी सुधारणा

१९१३च्या जमीन कायद्याने आफ्रिकी लोकांसाठी देशातली जेमतेम ७ टक्के जमीन राखीव राहिली. १९३६च्या कायद्याने ही मर्यादा वाढवून सुमारे १३ टक्के करण्याचे ठरले. बहुसंख्य माणसे आणि त्यांची गुरे एवढ्याशा तुकड्यात कोंबल्यावर कुरणे उजाड होणे अटळच होते. पण सरकारी अहवालांत दोष काढला गेला तो गुरांचा आणि गुराख्यांचा. गुरे फार आहेत, गुरे खुरटी आहेत, वळू भिकार आहेत, असे निदान झाले. १९३४ साली 'कमी प्रगत भागां'तील पशुधन सुधारण्यासाठी कायदा झाला. अधिकाऱ्याने गावात येऊन वळू तपासावेत, नापसंत असतील त्यांचे खच्चीकरण करावे आणि त्या जागी पसंतीच्या जातींचे वळू यावेत, अशी त्यामागची योजना. नापसंत ठरलेल्यांत मोठा भरणा अर्थातच न्गुनी वळूंचा होता. १९३९ नंतर 'बेटरमेंट' नावाची योजना आली आणि गुरांची संख्या सक्तीने कमी करण्याचे धोरण आले. पुढच्या काळात त्याविरुद्ध जागोजाग लोकांनी प्रतिकार केला.

हे वाचताना आपल्याकडची एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबई प्रांतातही १९३३ साली पशुधन सुधारणा कायदा झाला आणि त्याचाही गाभा निकृष्ट ठरवलेल्या वळूंचे खच्चीकरण हाच होता. जगाच्या दोन टोकांना, एकाच साम्राज्याच्या छायेत, एका वर्षाच्या अंतराने असे दोन कायदे यावेत यात नवल नाही. चांगले जनावर म्हणजे काय, याची एक ठरावीक प्रतिमा होती. शॉर्टहॉर्न, हेरफर्ड, अँगस यांसारख्या ब्रिटिश कुरणांवरच्या जातींनी ती घडवली होती. रुंद पाठ, भरलेले पुठ्ठे, एकसारखा रंग. या मापात न बसणारे जनावर 'स्क्रब', म्हणजे झुडपातले, भिकार.

सगळ्याच वळूंची निवड चुकीची होती असे मात्र म्हणता येणार नाही. सामाईक कुरणावर कोणताही पाडा कोणत्याही कालवडीवर जाऊ लागला की कळपाचा दर्जा घसरतो, हे कुठलाही जुना शेतकरी सांगेल. आक्षेप निवडीला नाही. निवडीची मापे परक्या हवेतली होती आणि ज्याची जनावरे होती त्याला मत नव्हते, आक्षेप याला आहे.

विज्ञानाची साक्ष

परदेशी जातींचा अनुभव मात्र त्याच देशातल्या गोऱ्या शेतकऱ्यांनाही फारसा सुखाचा नव्हता. उष्ण भागात ब्रिटिश जातींची गुरे धापा टाकत, गोचिडांनी बेजार होत, वासरे वजनाला कमी भरत. यान बोन्स्मा या पशुशास्त्रज्ञाने उत्तरेकडच्या मारा संशोधन केंद्रात १९३०च्या दशकाच्या अखेरीस जनावरांचे तापमान, केस, वाढ आणि वेत यांची मोजमापे घेतली. त्यातून त्यांनी बोन्समारा ही नवी जात घडवली. तिच्यात आठापैकी पाच भाग आफ्रिकानर या देशी गुरांचे, तीन भाग हेरफर्ड आणि शॉर्टहॉर्न यांचे. आफ्रिकानर ही मुळात खोईखोई पशुपालकांच्या गुरांतून आलेली जात. म्हणजे देशातल्या सर्वांत यशस्वी 'आधुनिक' मांसजातीचा पायाही अखेर देशी रक्ताचाच निघाला.

न्गुनीला न्याय मिळायला आणखी वेळ लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर देशी गुरांच्या सरकारी पाहण्या झाल्या, आणि झुलूलँडमधील बार्टलो कम्बाइन या सरकारी क्षेत्रावर १९५०च्या दशकात न्गुनींचा कळप जतन केला गेला. १९८०च्या दशकात तिला अधिकृत जात म्हणून मान्यता मिळाली आणि पैदासकारांची संस्था उभी राहिली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्गुनी, बोन्समारा आणि हेरफर्ड एकाच प्रदेशात ठेवून त्यांच्या अंगावरच्या गोचिडांची मोजणी झाली. सर्वांत कमी गोचीड न्गुनीवर आढळले. पुढे फोर्ट हेअर विद्यापीठातल्या अभ्यासकांनी नुसत्या चराईवर वाढवलेल्या न्गुनी, बोन्समारा आणि अँगस बैलांच्या मांसाची तुलना केली. न्गुनीचा सांगाडा लहान भरला, पण मांसाचा दर्जा इतरांच्या बरोबरीचा निघाला. झुलू गुराख्याला जे माहीत होते ते आता तक्त्यात आले.

फोर्ट हेअरचा प्रयोग

फोर्ट हेअर हे पूर्व केपमधल्या अ‍ॅलिस गावचे विद्यापीठ. १९१६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत नेल्सन मंडेला काही काळ शिकले होते. १९९४ साली वर्णभेदी राजवट संपली. त्यानंतर १९९८च्या सुमारास या विद्यापीठाने न्गुनी गुरे पुन्हा खेड्यांत नेण्याचा उपक्रम हाती घेतला आणि पुढे त्याला सरकारी औद्योगिक विकास महामंडळ आणि कृषी खात्याची साथ मिळाली.

योजना साधी होती. निवडलेल्या गावाला दोन न्गुनी वळू आणि दहा गाभण कालवडी द्यायच्या. गावाने आधीचे बिनजातीचे वळू बाजूला करायचे, कुंपण आणि चराईची व्यवस्था लावायची. पाच वर्षांनी गावाने तितकीच जनावरे परत करायची आणि ती पुढच्या गावाला द्यायची. यात रोख कर्ज नाही, व्याज नाही. जनावराचे देणे जनावरानेच फेडायचे. आपल्याकडे अर्धलीने गाय सांभाळायला देण्याची चाल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा व्यवहार चटकन समजेल. सूद टाळून गरजूला उभे करण्याचा मार्ग म्हणूनही त्याकडे पाहता येईल.

अडचणी आल्याच. सामाईक कुरणावर शेजारच्या गावचा वळू येतो तेव्हा जातीची शुद्धता टिकत नाही. कुंपणे मोडतात, गुरे चोरीला जातात, गटात भांडणे होतात, परतफेड रखडते. ज्या गावात आधीपासून एकोपा होता तिथे काम पुढे गेले, जिथे नव्हता तिथे गुरांनी तो आणला नाही. तरीही एका गोष्टीचे मोल कमी होत नाही. ज्या गुरांना सरकारने भिकार ठरवले होते, तीच गुरे सरकारच्या आणि विद्यापीठाच्या हातून सन्मानाने परत आली.

हिशेब कोणाचा?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लहान शेतकऱ्याने न्गुनी का निवडावी, किंवा का निवडू नये?

उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. हे आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. ५५० किलोच्या दहा गायींना जेवढा चारा लागतो, तेवढ्यात ३५० किलोच्या चौदा गायी जगतात. चारा तुटपुंजा असला की मोठ्या गायीचे पहिले नुकसान होते ते वेताचे; ती माजावर येत नाही. समजा दहा मोठ्या गायींनी पाच वासरे दिली आणि ती २०० किलोची झाली, तर हाती १००० किलो आले. चौदा लहान गायींनी दहा वासरे दिली आणि ती १५० किलोचीच झाली, तरी १५०० किलो होतात. शिवाय गोचिडाच्या औषधाचा खर्च कमी, अडलेल्या वेताचा धोका कमी, आणि एखादी गाय दगावली तर चौदातली एक जाते, दहातली नव्हे.

पण बाजार हा हिशेब करत नाही. दक्षिण आफ्रिकेतले बहुतांश गोमांस मोठ्या फीडलॉटमधून येते. तिथे जनावरे कोंडून मका खाऊ घालतात आणि त्यांना झटपट वजन घेणारी मोठ्या चणीची वासरे हवी असतात. न्गुनीच्या वासराला तिथे भाव पडतो. म्हणजे शेतकऱ्याच्या कुरणाला एक जनावर परवडते आणि खरेदीदाराच्या यंत्रणेला दुसरे. जाणते पशुशास्त्रज्ञ यावर मधला मार्ग सुचवतात. गायी न्गुनी ठेवाव्यात आणि काही गायींवर मोठ्या जातीचा वळू लावून ती वासरे बाजारात विकावीत, पण कळपात ठेवायच्या कालवडी शुद्धच राखाव्यात. मार्ग चांगला आहे. मात्र त्यासाठी दोन वेगळी कुरणे आणि पक्के कुंपण लागते. ते ज्याच्याकडे नाही त्याने मोहापायी मोठा वळू आणला, तर दोन पिढ्यांत हाताशी ना न्गुनी राहते ना दुसरे काही. ज्याच्याकडे पाणी, मका आणि औषधाला पैसा आहे, त्याला बोन्समारा जास्त देईल हेही खरे. ज्याच्याकडे फक्त ओसाड माळ आणि स्वतःचे कष्ट आहेत, त्याच्यासाठी न्गुनी.

म्हणून जात निवडताना आधी आपले कुरण पाहावे, मग आपला खिसा आणि शेवटी बाजार. सरकारी सुधारणेने हा क्रम नेमका उलटा केला होता. तिने आधी बाजार पाहिला, शेतकऱ्याच्या खिशाकडे दुर्लक्ष केले आणि त्याचे कुरण तर काढूनच घेतले.

आपल्याकडेही पन्नास-साठ वर्षांत जर्सी आणि होल्स्टीनच्या संकरातून दूध वाढले, अनेक कुटुंबांना रोजीरोटी मिळाली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच काळात देवणी आणि लाल कंधारी गोठ्यातून कमी होत गेल्या. मराठवाड्याच्या दुष्काळी माळावर टिकून राहण्याचा त्यांच्या अंगचा गुण आपण हिशेबात धरला नाही. एकदा गेलेली जात कायदा करून परत येत नाही. न्गुनी परत येऊ शकल्या त्या काही गावांतल्या हट्टी म्हाताऱ्यांनी सरकारी शिक्का न मानता आपले वळू राखले म्हणून, आणि थोड्या शास्त्रज्ञांनी त्यांचे ऐकून घेतले म्हणून. अधिकाऱ्यांच्या नोंदींत ती माणसे अडाणी आणि आडमुठी ठरली असतील. आज त्यांच्याच कळपांतली वासरे नव्या गावांत चरत आहेत.